सहाचे लिथियम, सातचे लिथियम

शनिवारी सकाळी सात चाळीसला आम्ही आमच्या हिंदीभाषक शहरातल्या, नेपियर टाउन भागातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर बसलो होतो. ताईचा नंबर तिसरा होता. आदल्या संध्याकाळची गोळी तिने आठला घेतली होती, त्यामुळे रक्त आठच्या सुमारास द्यायचे होते. मध्ये बारा तास जावे लागतात. दर तीन महिन्यांनी हे करावे लागते आणि अकरा वर्षांत ते एकदाही चुकलेले नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती रसायनशास्त्र शिकवते आणि तिची गोळी लिथियमची आहे. तेहतिसाव्या वर्षी तिला मनाचा जो आजार झाला त्यात ती आधी तीन आठवडे जवळजवळ झोपली नाही, आणि मग चार महिने अंथरुणातून उठली नाही. शाळेतली नोकरी वर्षाच्या मध्येच गेली. गोळी सुरू झाल्यावर आजार परत आला नाही. नोकरीही परत आली नाही. ती घरी शिकवण्या घेत राहिली.

आमच्या घरात त्या गोळीला लिथियम कुणी म्हणत नसे. आई त्याला मीठ म्हणायची. सुरुवातीला शेजाऱ्यांना कळू नये म्हणून, पुढे सवयीने. रोज संध्याकाळी आठला स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "मीठ झालं का गं?" आणि ताई म्हणायची, "झालं." ताईच्या मते आई काही खोटे बोलत नव्हती. गोळी लिथियम कार्बोनेटची असते, आणि ते मीठच आहे.

लॅबमधली रक्त घेणारी मुलगी ताईला ओळखत होती. तिने हाताला पट्टा बांधत विचारले, "मैम, आज क्लास है न?"

"नौ बजे."

"तो जल्दी कर देती हूँ. दोनों जाँच एक ही ट्यूब में."

दोन तपासण्या म्हणजे लिथियम किती आहे आणि मूत्रपिंड कसे काम करत आहे. मुलीने एकच नळी भरली. नळीचे टोपण हिरवे होते. वीस वर्षे बातम्या लिहिल्यामुळे मला वेळा आणि रंग लक्षात ठेवण्याची सवय आहे. तिचा उपयोग क्वचितच होतो.

त्या शनिवारी ताईच्या डोक्यात सोमवार होता. नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये ती वर्षभर शनिवारची शंकानिरसनाची तुकडी घेत होती. सोमवारी तिचा डेमो होता, म्हणजे नमुन्याचा तास, मागच्या बाकांवर पालक आणि क्लासचे संचालक. तो जमला तर अकरावीची पूर्ण वर्षाची तुकडी तिला मिळणार होती. संचालकांनी एकच अट घातली होती: "पढ़ाने का तो पता है मैम, बस नागा नहीं चाहिए." म्हणजे खाडा चालणार नाही. शाळेची नोकरी मध्येच का सुटली हे त्यांना ठाऊक नव्हते. घरची तब्येत, एवढेच ताईने सांगितले होते.

डेमोचा विषय अणूचे कण आणि समस्थानिके. मुले आयसोटोप म्हणतात. ताईने उदाहरणाला लिथियम घेतले.

"काहून तेच?" आईने विचारले होते. "सगळे तर कार्बन घेतात."

"माझी त्याच्याशी ओळख आहे," ताई म्हणाली.

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर तिची तालीम चालली होती आणि विद्यार्थी मी होतो. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून तिने अर्धा किलो राजमा आणि अर्धा किलो काबुली चणे आणले. मोहरी घरातलीच. राजम्याचा दाणा म्हणजे प्रोटॉन, चणा म्हणजे न्यूट्रॉन, मोहरीचा दाणा म्हणजे इलेक्ट्रॉन. एका थाळीत वाटी ठेवायची. वाटीत तीन राजमे, तीन चणे. थाळीच्या काठावर तीन मोहऱ्या. हे सहाचे लिथियम. दुसऱ्या थाळीत सगळे तेच, फक्त चणे चार. हे सातचे.

"आता सांग, या दोघांत कोण लिथियम नाही?"

"दोन्ही आहेत."

"कशावरून?"

"राजमे तीनच."

"शाब्बास. चण्यांवरून नाव बदलत नाही. राजमा एक वाढला की नाव गेलं, तो बेरिलियम झाला."

वाटीबद्दल ती नेहमी एक खुलासा करायची. वाटी फार मोठी आहे. खरा केंद्रक एका राजम्याएवढा धरला आणि तो क्लासच्या टेबलावर ठेवला, तर मोहऱ्या निदान अर्धा किलोमीटर लांब, तिसऱ्या चौकात फिरत असतील. मधे काही नाही.

घमापुर मोहल्ल्यातून एक मुलगी शंका विचारायला घरी येत असे. त्या आठवड्यात तिने टेबलावर शंभर वाट्या असल्याचे मानून हिशेब केला: निसर्गात सापडतात त्या प्रमाणात ब्याण्णव सातच्या, आठ सहाच्या. सरासरी सहा पूर्णांक ब्याण्णव आली. मुलीने पुस्तक उघडून दाखवले. "मैम, किताब में छह दशमलव चौरानवे है. हमारा गलत है या किताब का?"

ताई खूश झाली. असा प्रश्न विचारणारी मुले तिला आवडतात. तिने सांगितले की सहा आणि सात ही दाण्यांची संख्या आहे, वजन नाही. लिथियमच्या अणूचे वजन काट्यावर त्या संख्येहून किंचित वर भरते. ते किंचित धरले की पुस्तकाचा आकडा येतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेव, ती म्हणाली, सहा पूर्णांक चौऱ्याण्णव वजनाचा एकही अणू जगात नाही. तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे, कुणा एकाचा नाही.

शनिवारी नऊला ताई क्लासला गेली आणि बाराला परत आली. साडेबाराला माझ्या मोबाइलवर अहवाल आला. लिथियम दोन पूर्णांक चार. बाजूला छापलेली मर्यादा शून्य पूर्णांक सहा ते एक पूर्णांक दोन होती. आकडा लाल रंगात होता. मागोमाग लॅबमधून फोन आला की डॉक्टरांना लगेच कळवा.

मी फोन लावला तेव्हा डॉक्टर गाडीत होते. त्यांनी ताईशीच बोलायचे म्हटले आणि एकेक प्रश्न विचारला. हात थरथरतात का? उलटी, जुलाब? चालताना तोल जातो? जीभ जड वाटते? ताईने प्रत्येकाला नाही म्हटले. मग त्यांनी सूचना दिल्या. मी त्या कागदावर लिहून घेतल्या. आठची गोळी त्यांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. यातले एकही लक्षण दिसले तर कुणाला न विचारता सरळ इस्पितळ गाठायचे. दिसले नाही तरी रक्त आजच पुन्हा द्यायचे.

शेवटी त्यांनी विचारले, "व्रत-उपवास कुछ किया था इस हफ्ते?"

बुधवारी संकष्टी होती. उपासाला जेवणातले मीठ कमी होते, पाणी कमी होते, आणि शरीरात मीठ-पाणी कमी पडले की लिथियम साठते. म्हणून ताई अकरा वर्षे उपास करत नव्हती. या बुधवारी केला होता, आईच्या म्हणण्यावरून, सोमवारच्या डेमोसाठी. चंद्रोदयापर्यंत तिने दोन वेळा चहा घेतला होता आणि थोडे पाणी.

"हाँ, एक दिन," ती म्हणाली.

"उससे इतना चढ़ना तो नहीं चाहिए," डॉक्टर म्हणाले, "मगर देखते हैं."

आई दारात उभी होती. तिने सगळे ऐकले. देवघराकडे गेली आणि लगेच परत आली.

"मीच म्हटलं होतं उपास कर म्हणून."

"आई, मी काय लहान आहे? मी केला."

"पण म्हटलं तर मीच ना. आता काय होऊन राहिलं मग?"

"काही होऊन नाही राहिलं. बघ." ताईने भिंतीवरच्या लहान फळ्यावर खडूने एक सरळ रेघ ओढली. मग त्यावर बारीक अक्षरात लिथियमचे चिन्ह काढले, डाव्या बाजूला वर सात, खाली तीन. हात स्थिर होता.

"हा पुरावा नाही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे पुरावा नाही. वार्ताहर, जरा गप बस."

मग ती खुर्चीत बसली आणि तिने जे सांगितले ते मी तिच्याच शब्दांत देतो. "एक गोळी चुकली तर काही नाही होत. पण आकडा खरा निघाला तर ही गोळी बंद. मग दुसरी सुरू करतील, ती जमायला किती महिने लागतील कुणाला माहीत, जमेल की नाही तेही नाही माहीत. तेवढ्यात तो आजार आला तर? अकरा वर्षांनी कुणी पूर्ण वर्षाची तुकडी देऊन राहिलंय मला. पुन्हा कोण देईल?"

आई तिच्या शेजारी येऊन बसली.

थोड्या वेळाने ताई म्हणाली, "सकाळचं सगळं क्रमाने सांग. तुझ्या बातमीसारखं. काही गाळू नको."

मी सांगितले. सात चाळीसला बाक. तिसरा नंबर. आठ वाजून पाच मिनिटांनी पट्टा, डावा हात. मुलगी म्हणाली, दोन्ही जाँच एकाच ट्यूबमध्ये. एक नळी, हिरवे टोपण.

"हिरवं?"

"हिरवं."

"मागच्या वेळी?"

"लाल. दर वेळी लाल."

ताईने टेबलावरच्या चण्यांवर हात ठेवला. मग ती बोलू लागली, पण आमच्याशी नाही. फळ्यासमोर स्वतःशी बोलते तशी. "लाल नळीत रक्त गोठू देतात. त्याला अर्धा तास लागतो, नमुना बिघडला तर पुन्हा घ्यायला म्हणून तोवर थांबवून ठेवतात. तिला घाई होती, माझ्यासाठी. हिरव्या नळीत रक्त गोठत नाही, कारण आत हेपारिन लावलेलं असतं. हेपारिन म्हणजे आम्ल. पण आम्ल तसंच नाही ठेवत, त्याचं मीठ करून ठेवतात. सोडियमचं मीठ. नाही तर..."

ती उठली.

"कशाचं मीठ?" आईने विचारले.

"चल," ताई मला म्हणाली. "स्कूटर काढ."

दुपारी बंद असलेली लॅब चारला उघडली तेव्हा तीच मुलगी होती. शिवाय काउंटरवर एक पोक्त गृहस्थ, लॅबचे इन्चार्ज. ताईने सकाळच्या नळीबद्दल विचारले तेव्हा ते अहवालावर बोट ठेवून म्हणाले, "मैडम, रिपोर्ट मशीन का है. मशीन किसी की रिश्तेदार नहीं है."

"मशीन को मैं कुछ नहीं कह रही भैया. बस हरी ट्यूब का डिब्बा दिखा दीजिए."

"आप हमको केमिस्ट्री पढ़ाएँगी?"

"सोमवार को डेमो है. आ जाइए, फ्री है."

मुलगी हसली आणि डबा घेऊन आली. नळीवरच्या पट्टीवर अगदी बारीक अक्षरे होती. तिने ती उजेडाकडे धरली. मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या शब्दाशीच थांबली. पहिला शब्द लिथियम होता. दुसरा हेपारिन.

इन्चार्जनी चष्मा लावून स्वतः वाचले. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बैठिए मैडम," ते म्हणाले. आवाज बदललेला होता.

मुलीचा चेहरा उतरला होता. "मैम, किडनी वाली जाँच तो इसी में जल्दी होती है. मैंने सोचा आपको रुकना नहीं पड़ेगा, क्लास थी आपकी. मेरी ही गलती है."

"मेरे लिए जल्दी की थी ना," ताई म्हणाली. "अब मेरे लिए आधा घंटा रुक जाओ. लाल वाली लाओ."

दुसऱ्यांदा उजवा हात. लाल टोपण. मी वेळ लिहिली, चार वाजून बावीस मिनिटे. रक्त गोठेपर्यंत, मग ते फिरवून, मग यंत्रात. आम्ही बाहेर त्याच बाकावर बसलो. समोरून ऑटो जात होते, आणि शेजारच्या क्लासची मुले कचोरीच्या ठेल्याभोवती उभी होती.

ताईने पर्समधून राजम्याचे तीन दाणे काढले. तालमीचे असावेत, तिच्या प्रत्येक पिशवीत त्या आठवड्यात दाणे सापडत होते.

"गंमत बघ," ती म्हणाली. "गोळीतलं लिथियम आणि नळीतलं लिथियम, दोन्ही माझ्या रक्तात एकत्र झालं. मशीनने दोन्ही मोजलं. त्याची चूक नाही. मिठात लिथियमची एक मोहरी आधीच गेलेली असते, मागे राहतात दोन. मशीन त्यावरून ओळखते. चणे ती मोजतच नाही."

"मोजता आले असते तर?"

"तर काय पाहिजे होतं? गोळीतलं सगळं सहाचं असतं आणि नळीतलं सगळं सातचं, तर चणे मोजून सांगता आलं असतं, एवढं औषधाचं आणि एवढं नळीचं. पण दोन्ही जमिनीतूनच आलेलं. दोन्हीत तीच सरमिसळ, सातचं जास्त, सहाचं कमी. म्हणून नळीचा रंग बघावा लागला. तुझा रंग कामी आला." तिने दाणे मुठीत घेतले. "अजून आकडा यायचा आहे. मी उगाच खूश होऊन राहिली."

हे तिने बरोबर सांगितले होते. हिरव्या नळीमुळे आकडा चढला असणार, पण किती हे कुणालाच माहीत नव्हते. उपास झाला होता. खरा आकडा दीडही असू शकला असता, आणि तोही गोळी थांबवायला पुरेसा होता.

आम्ही घरी आलो. आईने वरण-भात केला होता आणि वरणात मीठ किती घालायचे हे ती ताईला दोनदा विचारून गेली. सात वाजून वीस मिनिटांनी मोबाइल वाजला. इन्चार्जनी अहवाल पाठवण्याआधी स्वतः फोन केला होता.

"मैडम, पॉइंट छह."

ताईने फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी आकडा पुन्हा विचारला. शून्य पूर्णांक सहा. लिहून घेतला.

डॉक्टरांनी ते ऐकून सांगितले की रक्त नेहमीपेक्षा उशिरा घेतल्यामुळे आकडा थोडा खाली आला असेल. पण दोन पूर्णांक चार सव्वाआठ तासांत सहा दशांशावर येत नाही. सकाळचा अहवाल बाद समजा. पुढच्या आठवड्यात खात्रीसाठी एकदा नेहमीच्या वेळी करून घ्या. उपास नको.

"और आज की गोली?" ताईने फोन ओढून घेत विचारले.

"आठ बजे की है ना? तो आठ बजे."

ताई टेबलाशी बसून थाळ्या पुसत होती. घड्याळात आठ वाजले तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला नाही. आई स्वतः बाहेर आली. तिच्या एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्यात गोळ्यांचे पाकीट. ते तिने कधी हातात घेतल्याचे मी पाहिले नव्हते. चष्मा नाकावर सरकवून तिने पाकिटावरचे नाव अक्षरे लावत वाचले, पूर्ण, आणि मग म्हणाली, "हे घे."

सोमवारच्या डेमोला मी मागच्या बाकावर बसलो होतो. पालक अकरा होते. संचालक दाराशी उभे होते. ताईने थाळ्या मांडल्या. एक मोहरी बाकाखाली घरंगळली आणि पहिल्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, "मैम, इलेक्ट्रॉन भाग गया." वर्ग हसला. "तो बचा हुआ क्या कहलाएगा?" ताईने तिथल्या तिथे विचारले, आणि आयनचा धडा, जो तिने पुढच्या तासासाठी ठेवला होता, दोन मिनिटांत झाला.

शेवटी तिने तालमीत नसलेला एक प्रश्न विचारला. एका माणसाच्या रक्तात औषधाचे लिथियम आहे. चुकून नळीतलेही मिसळले. दोन्ही वेगळे कसे ओळखाल? मग घमापुरच्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, एक का छह वाला और दूसरे का सात वाला हो, तो न्यूट्रॉन गिनकर.

"और अगर दोनों में मिला-जुला हो?"

"तब तो... तब तो मैम, ट्यूब बदलकर दोबारा खून लेना पड़ेगा."

ताईने वर्गाकडे पाठ केली आणि डस्टर उचलले. वळली तेव्हा मागच्या बाकावरून एका पालकांनी विचारले, "मैडम, यह सच में हुआ था? फिर मरीज का क्या हुआ?"

"मरीज ठीक है," ताई म्हणाली. "परसों शाम को वरण-भात खाया. अभी आपके सामने खड़ा है."

हे तिने आधी ठरवले नव्हते. तसे तिने मला नंतर सांगितले. वर्गातल्या काहींना कळले, काहींना नाही. त्या पालकांनी मान हलवली आणि थाळीकडे पाहू लागले.

मुले गेल्यावर संचालकांनी तिला केबिनमध्ये बोलावले. मी दाराबाहेर होतो, दार उघडे होते. ताईने बसायच्या आधीच सांगितले. आजार कोणता, गोळी कोणती, किती वर्षे. शाळा का सुटली. अकरा वर्षांत एकदाही आजार परत आला नाही आणि पुढे येणारच नाही असे ती लिहून देऊ शकत नाही. आणि दर तीन महिन्यांनी एका शनिवारी सकाळी आठला तिला रक्त द्यायचे असते, लाल नळीत, त्यात अर्धा-पाऊण तास जास्त जातो.

संचालकांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. तो वर्षाच्या वेळापत्रकाचा होता. मग त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"शनिवार की क्लास साढ़े नौ से कर दें?" त्यांनी विचारले. "हर शनिवार. बच्चों को भी याद रहेगा."

"चलेगा," ताई मराठीत म्हणाली, आणि मग हिंदीत, "जी, ठीक है."

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच बाकावर होतो. हिरव्या टोपणांच्या डब्यावर आता हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती: लिथियम की जाँच इसमें नहीं. अक्षर त्या मुलीचे होते. तिने लाल टोपणाची नळी काढली, ताईला दाखवली, आणि ताईने बाही वर केली. आठ वाजून चार मिनिटे झाली होती. क्लास साडेनऊला होता.